कणेरीचं सिमेंटचं गाव

कोल्हापुरात जनावरांचं कौतुक जुनं. शाहू महाराजांच्या काळात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवत. मस्तीतल्या हत्तीला डिवचून त्याच्यापुढं पळायचा खेळ म्हणजे साठमारी. तिचं नाव शहरातल्या एका भागाला अजून चिकटलेलं आहे. गवा बघायचा तर राधानगरी-दाजीपूरचं जंगल. पण सुट्टीत भाचरं आली, की कळंब्याकडची मंडळी निघतात ती बहुधा कणेरी मठाकडं. तिथं बैल, गाई, शेळ्या, कोंबड्या सगळं आहे, फक्त हलत नाही.

मठाच्या आवारातलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय हे सुमारे ७ एकरांवर सिमेंटमध्ये उभं केलेलं खेडं. पुतळे तीनशेच्या आसपास, प्रसंग ऐंशीच्या घरात. कित्येकजण त्यांना मेणाचे पुतळे म्हणतात. उघड्यावर कोल्हापूरचा पावसाळा झेलायला मेण कसं पुरणार? पण चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या, धोतराच्या चुण्या आणि हातावरच्या शिरा बघितल्या की गैरसमज होतो कसा ते कळतं.

मूळ ठिकाण मठाचं, जुन्या शिवमंदिराचं, काडसिद्धेश्वर परंपरेचं. इथले मुप्पिन काडसिद्धेश्वर महाराज (१९०५–२००१) हे सिद्धरामेश्वर महाराजांचे शिष्य, म्हणजे मुंबईत विड्यांचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे गुरुबंधू. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामींनी अद्वैताच्या या आवारात कुंभार, लोहार, न्हावी आणून बसवले. मागं कल्पना गांधीजींच्या स्वयंपूर्ण खेड्याची.

सुरुवातीला गुहेसारख्या वाटेवर चरक, सुश्रुत, पतंजली असे ऋषी-आचार्य भेटतात. पोरं इथं थांबत नाहीत. मोठेही फारसे थांबत नाहीत, फोटो काढून पुढं सरकतात. खरी गर्दी गावात शिरल्यावर. आडावर पाणी शेंदणाऱ्या बाया, नांगरट, वैद्य, जोशी, सोनार, वाण्याचं दुकान. न्हाव्यापुढं गिऱ्हाईक मान खाली घालून बसलेलं. सलूनच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत वाढलेल्या पोराला मांडी घालून केस कापून घेणं हीच मोठी गंमत वाटते.

संग्रहालयाचा खरा वाटाड्या मात्र घरची आजीच. “ह्येच्यात काय बघायचं? आम्ही केलंय की हे समदं,” म्हणत ती आत येते आणि जात्यापाशी पहिली थांबते. खुंटा सैल झाला की काय करायचं, एका घासाला किती दाणे टाकायचे, पीठ जाडं आलं की सासू काय म्हणायची, हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं. तिच्याभोवती अनोळखी पोरंही जमतात. आजी बरोबर नसेल तर तासाभरात गाव संपतं. म्हणून सोबत म्हातारं माणूस न्यावंच.

एक गोष्ट मात्र खटकते. या गावात सगळे कामात आहेत, सगळे समाधानी आहेत. बलुतेदारीत कारागिरी होती हे खरंच. पण सुगीला खळ्यावर जाऊन धान्यासाठी ताटकळणंही होतं, आणि कुणी कुठलं काम करायचं हे जन्मानं ठरलेलं होतं. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखल्या आणि १९१८ साली महारवतनं रद्द केली, तिथल्या मातीत उभ्या असलेल्या गावानं एवढं तरी सांगायला हवं होतं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. ते वाचलेल्या माणसाला या चावडीवर थोडं अवघडल्यासारखं होतं. कुंभाराचं चाक दाखवलंत, आता त्याच्या पदरात काय पडायचं तेही दाखवा, असं म्हणावंसं वाटतं.

तरीही हातांचं काम इतकं जवळून बघायला मिळेल अशी दुसरी जागा या भागात मला ठाऊक नाही. पोरांसाठी पुढं आरशांचा भुलभुलैया आहे. जिवंत जनावरंच हवी असतील तर मठाची गोशाळा आहे, देशी गाईंची.

जायचं तर सकाळी, उघडल्या उघडल्या. सहलीच्या गाड्या लागल्या की लोहाराच्या भात्यापुढं शाळकरी डोक्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही.