गोल चेहऱ्याची गोष्ट

गेली तीसेक वर्षं मी कारंजा लाडला डॉक्टरकी करतो आहे. गाव जुनं, वेशींचं. गुरुमंदिराला येणारे भाविक, जैन मंदिरांच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू, कापूस-सोयाबीन घेऊन येणारे शेतकरी अशी वर्दळ इथे वर्षभर असते. आज ज्या औषधाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, त्याचं नाव मी अर्थातच कॉलेजच्या पुस्तकात वाचलं होतं. पण त्याची खरी ओळख मला एका मावशींनी करून दिली.

मावशी साठीच्या. आयुष्य निंदणात आणि कापूस वेचण्यात गेलेलं, त्यामुळे गुडघे कामातून गेलेले. एके दिवशी मुलानं त्यांना अर्धवट शुद्धीत दवाखान्यात आणलं. दोन दिवस उलट्या, अंगात त्राण नाही, रक्तदाब जेमतेम लागत होता. मला पहिल्यांदा जाणवला तो त्यांचा चेहरा. हातपाय काडीसारखे आणि चेहरा मात्र पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल. दंडावर, पोटरीवर निळे-जांभळे डाग. मुलाला विचारलं, "काही औषध चालू होतं का?" तो म्हणाला, "बाजारातून पुड्या आणत होतो जी गुडघ्यासाठी. वरीसभर घेतल्या. दोन दिवसांतच बुढीले चालता याले लागलं. शेजारी म्हणत, बुढीची तब्येत सुधारली. पंधरा दिवस झाले, पुडीवालाच आला नाही."

पुडीत काय होतं ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. पण तो चेहरा, ते डाग आणि पुडी बंद झाल्यावर आलेली ही अवस्था पाहिल्यावर फारसा संशय उरला नाही. मी सलाइन लावलं आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. हेही स्टेरॉइडच. संध्याकाळपर्यंत मावशी उठून बसल्या. दुसऱ्या दिवशी मी सगळा प्रकार समजावून सांगितला, तेव्हा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "ज्या औषधानं हे झालं, तेच तुमी परत देता?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं शरीराच्या आत डोकवावं लागेल.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिच्या सालीत कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य तयार होतं. दिवसाकाठी साधारण दहा मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कितीतरी कमी. पण रक्तदाब टिकवणं, उपाशीपोटी साखर सांभाळणं, ताप, अपघात, ऑपरेशन अशा संकटात शरीराला तग धरायला लावणं, हे सगळं त्या एवढ्याशा द्रव्यावर अवलंबून असतं. किती तयार करायचं याचा हुकूम मेंदूकडून येतो. आता बाहेरून रोज गोळीतून तेच द्रव्य भरपूर येऊ लागलं, तर मेंदू हुकूम द्यायचं थांबवतो. काम नसलेल्या बैलासारखी ती ग्रंथी सुस्तावते, आक्रसते. काही आठवड्यांतच हे घडू शकतं. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही. मावशींचं नेमकं हेच झालं होतं. म्हणून तेच औषध परत देऊन, ग्रंथी जागी होईपर्यंत, आठवड्या-महिन्यांच्या हिशोबानं हळूहळू उतरवावं लागतं.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. व्यायामशाळेत दंड फुगवण्यासाठी पोरं जी स्टेरॉइड टोचून घेतात, ती वेगळी. ती पुरुषी संप्रेरकाची भावंडं, त्यांचे धोकेही वेगळे. नाव एकच असल्यानं घोटाळा होतो. त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी.

औषध म्हणून कॉर्टिसोनचा जन्म 1948 सालचा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेन्च यांनी आमवातानं खिळलेल्या एका तरुण बाईला ते टोचलं आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. जगभर चमत्कार म्हणून गाजावाजा झाला. दोनच वर्षांत, 1950 मध्ये, हेन्च, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. आणि लगोलग लक्षात आलं की औषध थांबवलं की आमवात परत येतो, आणि चालू ठेवलं तर चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो, दबून बसलेला क्षय डोकं वर काढतो. स्टेरॉइड रोगाचं कारण काढत नाही. सूज, ताप, खाज ही शरीराची आरडाओरड असते. स्टेरॉइड ती ओरड बंद करतं. दम्याच्या झटक्यात किंवा काही मूत्रपिंडविकारांत ही ओरडच जिवावर उठते, तिथे हे औषध अमृत आहे. पण घरात चोर शिरलेला असताना कुत्र्याचं तोंड बांधलं तर काय होईल?

आता कबुली. सुरुवातीच्या काळात पावसाळ्यात माझ्याही दवाखान्यात तापाच्या रोग्यांची रांग लागायची. एक सलाइन, त्यात थोडं डेक्सामेथासोन. संध्याकाळी ताप उतरलेला, रोगी खूश, "डॉक्टरच्या हाताला गुण आहे" म्हणून दहा घरी सांगणार. तो गुण माझ्या हाताचा नव्हता. त्यातल्या किती जणांचा विषमज्वर किंवा क्षय मी चार-आठ दिवस झाकून ठेवला असेन, याचा हिशोब आज माझ्याकडे नाही.

मलमांचीही तीच तऱ्हा. देशातल्या बारा त्वचारोग केंद्रांनी मिळून केलेली एक पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइडचं मलम लावत होते. त्यातले 126 जण चक्क गोरं होण्यासाठी, नाहीतर रोजची क्रीम किंवा दाढीनंतर लावायचं काहीतरी म्हणून. निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरांनी सांगितलेलंच नव्हतं. मैत्रीण, न्हावी, दुकानदार, सल्लागारांना आपल्याकडे काय तोटा! पहिले काही दिवस चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, उन्हात आग होते आणि मलम सोडलं की सगळं दुप्पट. गजकर्णाला तर हे मलम म्हणजे खतपाणीच. खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरते. आज आमच्याकडे घरंच्या घरं गजकर्णानं बेजार आहेत आणि एकेकाळी हमखास चालणाऱ्या गोळ्या लागू पडत नाहीत. या चिवट बुरशीला जपानी संशोधकांनी 2020 मध्ये स्वतंत्र नाव दिलं, त्यात 'इंडो' हा शब्द आहे. असा मान नको होता. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बराच पाठपुरावा केल्यावर 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केला. नियम कागदावर आहे. दुकानात उभं राहून बघा म्हणजे समजेल.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते आपल्या नागपूर-बेळगावकडच्या एका अभ्यासानं. दिवस भरण्याआधी जन्मणाऱ्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स यांना मेंढ्यांवर प्रयोग करताना दिसलं की स्टेरॉइड दिल्यावर अपुऱ्या दिवसांची कोकरंही श्वास घेतात. 1972 मध्ये हॉवी यांच्यासह त्यांनी ते बायकांमध्येही दाखवून दिलं. आईला इंजेक्शन, फायदा बाळाला. मोठ्या इस्पितळांत ते रूढ झालं. मग साहजिकच वाटलं, हे स्वस्त इंजेक्शन गावपातळीवर, प्राथमिक केंद्रात, परिचारिकेच्या हाती दिलं तर किती बाळं वाचतील! 2011 ते 2014 या काळात सहा देशांत याची चाचणी झाली. भारतातली केंद्रं होती नागपूर आणि बेळगाव. सुमारे एक लाख बाळंतपणं मोजली गेली.

निकाल वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. अगदी लहान बाळांचे मृत्यू कमी झालेच नाहीत. आणि सगळी बाळं धरली, तर जिथे ही योजना राबवली तिथे हजार जन्मांमागे 27.4 बाळं पहिल्या महिन्यात दगावली, जिथे राबवली नाही तिथे 23.9. म्हणजे हजारामागे साडेतीन जास्त. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त आढळली. खेड्यात सोनोग्राफी नाही, दिवसांचा हिशोब अंदाजे, त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्यांत मोठा भाग अशा बायकांचा होता, ज्यांची बाळं मुळात लहान नव्हतीच. ज्यांना गरज नव्हती त्यांना औषध मिळालं. योगायोग असा की 2014 मध्येच आपल्या सरकारनं परिचारिकांना असं इंजेक्शन देण्याची मुभा दिली होती.

मग हे इंजेक्शन वाईट ठरलं का? इथेच खरी मेख आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 ते 2019 या काळात पुन्हा चाचणी घेतली. भारतातलं काम पुन्हा बेळगावला झालं. पण यावेळी जागा होती ती इस्पितळं. दिवस सोनोग्राफीनं मोजलेले, संसर्ग नाही याची खात्री केलेली, नवजात बाळाची काळजी घ्यायला माणसं आणि यंत्रं हजर. 2,852 बायका. औषध मिळालेल्या गटात शंभरातली 19.6 बाळं दगावली, न मिळालेल्या गटात 23.5. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधी थांबवली. त्याच जातीचं स्टेरॉइड, तशाच नाजूक घटकेला टोचलेलं. फरक होता तो कुणाला, कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली दिलं याचा.

करोनात हे पुन्हा पाहिलं. जून 2020 मध्ये इंग्लंडच्या चाचणीनं दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्या रोग्यांना डेक्सामेथासोन जीवदान देतं, ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना काही उपयोग नाही. आपल्याकडे पहिला भागच ऐकला गेला. मोबाइलवर फिरलेल्या चिठ्ठ्या पाहून लोकांनी पहिल्या दिवसापासून गोळ्या सुरू केल्या. 2021 च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीनं, म्हणजे म्युकरमायकोसिसनं, महाराष्ट्रात माणसांचे डोळे आणि जबडे गेले. त्यातले बहुसंख्य मधुमेही होते आणि अनेकांना स्टेरॉइड मिळालेलं होतं.

एवढं ऐकून कुणी आज रात्रीच दम्याचा पंप किंवा चालू असलेली गोळी फेकून देऊ नका. पंपातून मात्रा फार थोडी जाते आणि ती थेट फुप्फुसात पोचते. गोळी चालू असेल तर ती कशी उतरवायची ते डॉक्टरांनाच विचारा. आणि पुड्या घेत असाल तर लाजू नका, उरलेली पुडी घेऊन दवाखान्यात या. मी रागावत नाही. निदान आता नाही.

मावशींची गोळी उतरवायला आठ महिने लागले. त्यांच्या पिशवीत एक चिठ्ठी असते, त्यावर मी औषधाचं नाव आणि तारखा लिहून दिल्या आहेत, रात्री-बेरात्री दुसऱ्या डॉक्टरकडे जायची पाळी आली तर कळावं म्हणून. चेहरा पूर्वीसारखा लांबट झाला आहे. गुडघे मात्र दुखतातच. त्यावर मी दिलेले व्यायाम त्या करतात, कधी करत नाहीत. परवा आल्या तेव्हा म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, आता शेजारच्या बाया इचारतात, बुढी, तू अशी खंगली काऊन वं?"