घंटागाडी ते शेत : शिरूर-दौंडच्या कचऱ्याचा हिशेब

घरातला कचरा दारातून उचलायचा आणि त्यातला कामाचा माल पुन्हा वापरात आणायचा, हे काम पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंडमध्ये दोन गाड्या करतात. एक नगरपरिषदेची घंटागाडी. ती सगळे घेते आणि मोबदला देत नाही. दुसरी भंगारवाल्याची हातगाडी. ती निवडक माल घेते आणि वजनाप्रमाणे पैसे मोजते. पहिलीचा खर्च सरकारी निधीतून आणि करातून भागतो, दुसरीचा मालाच्या भावातून. या दोघींच्या मधे जे उरते, तो खरा कचऱ्याचा प्रश्न.

२०११ च्या जनगणनेत दौंड शहराची लोकसंख्या सुमारे ४९ हजार आणि शिरूरची सुमारे ३७ हजार होती. माणशी दिवसाला ३०० ग्रॅम कचरा धरला, तरी त्या आकड्यांवर दौंडला रोज सुमारे १५ टन आणि शिरूरला ११ टन कचरा होतो. त्यानंतर दोन्ही गावे वाढली आहेत. शिरूर घोड नदीच्या काठी आहे, दौंड भीमेच्या. घोड पुढे भीमेलाच मिळते आणि भीमा उजनी धरणात जाते. ओढ्यात टाकलेली पिशवी पावसाळ्यात त्याच वाटेने निघते.

कचरा कसा हाताळायचा, याची चौकट ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घातली. ओला, सुका आणि घरगुती घातक अशी तीन भागांत वर्गवारी घरातच करावी, असे त्यांनी बंधनकारक केले. त्याआधीचे २००० सालचे नियम प्रामुख्याने शहरांसाठी होते. २०१६ च्या नियमांनी त्यांची कक्षा रुंदावली, शिवाय कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले. घंटागाडीत हिरवा आणि निळा असे दोन कप्पे दिसतात, ते या वर्गवारीपायीच. हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. घरातून एकाच बादलीत सगळे आले, तर कप्प्यांचा उपयोग उरत नाही. चहाचा चोथा लागलेला कागद कोणी विकत घेत नाही आणि काचेचा तुकडा पडलेली भाजीची देठे खताच्या कामाची राहत नाहीत.

सुक्या कचऱ्यातला मौल्यवान भाग मुळात घंटागाडीपर्यंत पोहोचतच नाही. वर्तमानपत्रांची रद्दी, पुठ्ठा, लोखंड, पत्रा, तांबे, पितळ, ॲल्युमिनियम हे सगळे घरातली माणसे साठवून ठेवतात आणि भंगारवाल्याला विकतात. जुने कपडे बोहारीण नेते आणि बदल्यात भांडे देते. ‘रिसायकलिंग’ हा शब्द कानावर येण्याआधीपासून हा व्यवहार चालत आला आहे. भंगारवाला माल दुकानात आणून निवडतो, मोठा व्यापारी त्याचे गठ्ठे बांधून कारखान्याला पाठवतो. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले, तर खनिजापासून नवे बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. डब्याला भाव मिळतो तो या बचतीमुळे. पाण्याच्या बाटल्या धुऊन त्यांचा चुरा करतात आणि त्यापासून धागा काढतात. उशा-गाद्यांत भरायचा कृत्रिम कापूसही यातूनच बनतो.

नगरपरिषदेच्या गाडीत जे सुके येते, ते या निवडीतून उरलेले असते. ते संकलन केंद्रावर पुन्हा निवडावे लागते. कामगार हातमोजे घालून ढिगातून बाटल्या, दुधाच्या पिशव्या, चपला, चिंध्या, काच वेगळी करतात. माल स्वच्छ आणि कोरडा असेल, तर हे काम झपाट्याने होते. खरकटे लागलेला असेल तर वेळ जातो, दुर्गंधी सुटते आणि भावही पडतो.

ओल्या कचऱ्याच्या बाबतीत मात्र ही दोन्ही गावे पुण्यापेक्षा सुदैवी आहेत. भारतीय शहरांत निम्म्याच्या आसपास कचरा ओला असतो. भाजीचे अवशेष, शिळे अन्न, फळांच्या साली यांचे खत होते आणि खताचे गिऱ्हाईक इथे वेशीवरच आहे. दौंड तालुका उसाचा आणि गुऱ्हाळांचा, शिरूरच्या बागायती पट्ट्यात ऊस, कांदा आणि भाजीपाला. खत दूर वाहून नेण्याचा खर्च इथे जवळजवळ नाही.

खत करण्याची रीत सोपी, पण शिस्तीची आहे. कचऱ्याचे लांबट ढीग लावतात, त्यांत शेण किंवा जिवाणूंचे कल्चर मिसळतात आणि ओलावा ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. ढिगाच्या पोटातले तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या उष्णतेत रोगजंतू आणि तणाचे बी मरते. ढीग वरचेवर पालटला नाही, तर आत हवा पोहोचत नाही, कचरा सडतो आणि मिथेन वायू सुटतो. साधारण सहा आठवड्यांत कच्चे खत होते, मग ते मुरू देऊन चाळतात. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टचा किमान ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. राज्यातल्या नगरपरिषदांच्या दर्जेदार खतासाठी शासनाने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ ही नाममुद्राही दिली आहे.

नाममुद्रा कोणतीही असो, शेतकरी खत मुठीत घेऊन पाहतो. त्यात काच, शॅम्पूच्या पुड्यांचे तुकडे किंवा ब्लेड दिसले, की पुन्हा तो ते शेतात घालत नाही. चाळणीने मोठा तुकडा अडतो, बारीक काच अडत नाही. खताचा दर्जा त्यामुळे प्रकल्पावर कमी आणि स्वयंपाकघरात जास्त ठरतो.

खरी अडचण आहे ती विकत घ्यायला कोणी नसलेल्या प्लास्टिकची. वेफर्स, बिस्किटे यांची पाकिटे प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवून बनवतात. ते थर सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त ऊष्मांक असलेला असा कचरा जमिनीत न पुरता इंधन म्हणून, उदाहरणार्थ सिमेंट भट्ट्यांत, वापरावा, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले. सिमेंट भट्टीत तापमान फार जास्त असते आणि धुरावर नियंत्रणही असते. उघड्यावर किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणात प्लास्टिक जाळणे ही वेगळी गोष्ट आहे. दौंड तालुक्यातल्या काही गुऱ्हाळांवर प्लास्टिक आणि टाकाऊ माल जाळला जात असल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. अशा धुरातून विषारी द्रव्ये हवेत पसरतात.

राज्याने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली. पाकिटे मात्र त्यातून सुटली. त्यांची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे.

मुदत संपलेली औषधे, बॅटऱ्या, फुटलेल्या ट्यूबलाइट हा घरगुती घातक कचऱ्याचा तिसरा गट. रांजणगाव औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी प्रक्रिया केंद्र आहे. घरातला घातक कचरा मात्र भाजीच्या सालींबरोबर जातो आणि पहिली इजा होते ती निवडणाऱ्याच्या हाताला.

नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव, कुरकुंभ ही गावे कारखान्यांमुळे शहरासारखी फुगली, पण कारभार ग्रामपंचायतीचा. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांचा कचरा रोज उचलायला गाडी, जागा आणि माणसे लागतात. १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) बंधित निधीतला निम्मा हिस्सा स्वच्छतेसाठी होता. गाडी त्यातून घेता येत होती. डिझेल आणि मजुरीसाठी मात्र पंचायतीला स्वतःचे उत्पन्न लागते.

पुण्याने या कोंडीतून एक वाट काढली. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. कचरावेचक दारोदार जाऊन कचरा घेतात, घरमालक दरमहा शुल्क देतात आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे वेचकांकडेच राहतात. वर्गवारी नीट होते, कारण तीत वेचकाचा थेट फायदा आहे. लहान गावात इतकी मोठी संस्था लागणार नाही. भंगारवाले आणि वेचक महिला यांना ओळखपत्र, निवडीसाठी शेड आणि मालावरचा हक्क एवढे दिले, तरी घंटागाडी आणि हातगाडी यांतले अंतर बरेच मिटेल.

घरात करायचे काम फार नाही. ओल्यासाठी एक डबा, सुक्यासाठी एक गोणी आणि घातक वस्तूंसाठी एक पिशवी पुरते. दुधाची पिशवी फोडताना कोपरा पूर्ण तोडू नये, कारण तो चिमुकला तुकडा पुन्हा कोणाच्याच हाती लागत नाही. पिशवी विसळून वाळवावी. पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यावे, फुटकी काच जाड कागदात बांधून सांगून द्यावी. घंटागाडीने दोन्ही कप्पे एकत्र ओतले, तर नगरपरिषदेत तक्रार करावी. घरी वेगळा केलेला कचरा शेवटपर्यंत वेगळा राहणे हा कर भरणाऱ्याचा हक्क आहे.