घाटातला न वाळणारा घाम

पेणमध्ये पोह्याचे पापड करणाऱ्या बायकांना आर्द्रता म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. ऊन तेवढंच कडक असतं, तरी मार्चमध्ये सकाळी घातलेलं वाळवण दुपारी खडखडीत होतं आणि मेच्या अखेरीस तेच संध्याकाळपर्यंत लोचट राहतं. गणपतीच्या कारखान्यांतही पाऊस सुरू झाला की ओल्या मूर्ती वाळता वाळत नाहीत. वाळणं नुसत्या उन्हावर ठरत नाही. हवा किती कोरडी आहे आणि वारा किती आहे, यावर ते ठरतं. पेण-रोह्याहून सायकल काढून घाट चढायला निघालेल्या माणसाच्या अंगावरचा घामही याच नियमाने वाळतो. किंवा वाळत नाही, आणि मग प्रश्न पायांच्या ताकदीपलीकडे जातो.

रायगड जिल्ह्याच्या या पट्ट्यात सायकलवाल्यांना चढांची कमी नाही. पेणच्या उत्तरेला कर्नाळ्याची खिंड, अलिबागच्या वाटेवर कार्ले खिंड, नागोठणे आणि कोलाडच्या मध्ये सुकेळी, नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंड. सराव इथेच होतो. मग एखाद्या रविवारी पेणची मंडळी तीसेक किलोमीटरवरच्या खोपोलीला पोहोचतात आणि बोरघाटाला भिडतात. रोहेकरांना दोन वाटा आहेत. एक वाकण, पालीमार्गे खोपोलीची, दुसरी कोलाड, सुतारवाडी, विळेमार्गे ताम्हिणीची. खिंडी सहज जमतात म्हणून घाटही जमेल, असा हिशेब असतो. तो फसतो, कारण खिंड आणि घाट यांत फरक उंचीचा आहे त्याहून जास्त वेळेचा आहे.

थोडं गणित करून पाहू. सायकलस्वाराचं वजन ७० किलो आणि सायकल, पाणी, सामान मिळून १० किलो धरलं, तर खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा साधारण ५०० मीटरचा चढ म्हणजे ८० किलोचं ओझं ५०० मीटर वर उचलणं. हे काम एका तासात करायचं तर रस्त्याचं घर्षण वगैरे धरून सतत सव्वाशे-दीडशे वॅट शक्ती लागते. घरातल्या दोन छताच्या पंख्यांइतकी. आकडा किरकोळ वाटतो. पण माणसाचे स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोहोचवतात. उरलेली सगळी ऊर्जा उष्णता होते. म्हणजे पायडलवर १३० वॅट पोहोचवताना अंगात साडेचारशे वॅटची शेगडी पेटलेली असते.

ही उष्णता बाहेर गेलीच नाही तर ७० किलोच्या शरीराचं तापमान साधारण दर नऊ मिनिटांना एक अंशाने चढेल. छोटी खिंड दहा-बारा मिनिटांत संपते. तेवढ्या वेळात शरीर बरीचशी उष्णता स्वतःतच साठवून ठेवतं आणि पलीकडच्या उतारावर वाऱ्याने ती निघून जाते. घाटात ही उधारी चालत नाही. तासभर चढायचं तर जितकी उष्णता तयार होते तितकी त्याच वेळी बाहेर टाकावी लागते.

टाकायची कशी? हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर नुसत्या वाऱ्यानेही अंग निवतं. पण एप्रिल-मेमध्ये कोकणात हवेचं तापमान ३४ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे जवळपास त्वचेइतकंच. तेव्हा भरवसा उरतो तो घामावर. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर तो सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. या हिशेबाने तासाला पाऊण लिटरहूनही कमी घाम पुरेसा आहे. अट एकच, तो वाळला पाहिजे. कोपरावरून, हनुवटीवरून रस्त्यावर ठिबकलेला घाम शरीराला जवळजवळ काहीच थंड करत नाही. अंग तापलेलंच राहतं म्हणून शरीर आणखी घाम सोडतं, तासाला लिटर-दीड लिटरपर्यंत, आणि तोही ठिबकतो. पाणी गेलं, मीठ गेलं आणि ताप उतरलाच नाही. कोकणातला घाट अवघड आहे तो या दुहेरी तोट्यामुळे.

सोलापूरचा माणूस ४० अंशांची गोष्ट सांगून कोकणवाल्यांना गप्प करतो. पण हवेत २० टक्के आर्द्रता असेल तर ४० अंशांतही ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक साधारण २३ अंशांपर्यंत उतरतो. पेणमध्ये ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असताना तोच तापमापक २७-२८ अंशांवर अडतो. ओल्या कापडाला जे जमत नाही ते ओल्या त्वचेलाही जमत नाही. अंगमेहनत करणाऱ्या शरीराच्या दृष्टीने त्यामुळे पेणची ‘सौम्य’ हवा सोलापूरच्या भट्टीपेक्षा वाईट ठरू शकते. मोबाइलवर फक्त तापमान बघून निघणाऱ्यांनी त्याशेजारचा आर्द्रतेचा आकडाही बघितलेला बरा.

दुसरी अडचण वाऱ्याची. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार स्वतःच स्वतःसाठी वारा तयार करतो. घाम आल्याचं त्याला कळतही नाही. घाटात वेग आठ-नऊ किलोमीटरवर येतो. मेहनत वाढते आणि पंखा मात्र बंद पडतो. त्यात दुपारी समुद्रावरून जमिनीकडे वारं सुटतं. खोपोली काय किंवा ताम्हिणी काय, चढणारा पूर्वेकडे निघालेला असतो, म्हणजे हे वारं त्याच्या पाठीशी. पाठीवरचा वारा म्हणजे देवाची कृपा, असं सायकलवाले मानतात. सपाटीवर ते खरंही आहे. पण ताशी आठ किलोमीटरने चढणाऱ्याच्या मागे ताशी आठ किलोमीटरचाच वारा असेल तर त्याच्या अंगाभोवतीची हवा जागची हलत नाही. स्वतःच्याच वाफेत तो चढत राहतो. एखाद्या वळणावर रस्ता फिरला आणि वारं समोरून आलं की जीवात जीव आल्यासारखं वाटतं, त्याचं कारण हे.

आत हृदयाची ओढाताण सुरू असते. मांड्यांना रक्त हवं असतं, कारण तिथे प्राणवायू संपतो आहे. त्वचेलाही रक्त हवं असतं, कारण आतली उष्णता त्वचेपर्यंत आणण्याचं काम रक्तच करतं. घामावाटे पाणी गेल्याने रक्ताचं एकूण प्रमाण मात्र घटत असतं. दोन गिऱ्हाइकं आणि माल कमी. मग हृदय ठोके वाढवतं. चढ तोच, वेग तोच, तरी पहिल्या दहा मिनिटांत १४० असलेली नाडी अर्ध्या तासाने १६० वर गेलेली दिसते. मनगटावरचं घड्याळ बिघडलेलं नसतं. नाडी वाढली तर वेग कमी करायचा, हा साधा नियम इथे पाळावा. बहुतेक जण उलट करतात, कारण पुढच्या वळणावर मित्र दिसत असतो.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीने बोरघाटाला मोठं वलय दिलं आहे. घाटाचा टप्पा पहिला पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा मान मिळतो. पण त्या स्पर्धकांच्या मागे गाडी असते आणि अंगात वर्षांचा सराव असतो. चाळिशी ओलांडलेला, आठवडाभर वातानुकूलित कचेरीत बसणारा आणि रविवारीच सायकल काढणारा माणूस त्यांच्याशी स्वतःची तुलना करतो, तेव्हा काळजी वाटते. १८६३ मध्ये याच घाटातून रेल्वे सुरू झाली. ३७ फुटांना एक फूट असा तिचा चढ आहे आणि आजही कर्जतला बऱ्याच गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. यंत्रालासुद्धा घाटात मदत घेण्याची लाज वाटत नाही.

उष्माघात काय करू शकतो, हे रायगड जिल्ह्याने पाहिलं आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्याला आलेल्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. पारा त्या दिवशी ४० च्या खालीच होता आणि ती माणसं तर कोणतीही मेहनत न करता उन्हात बसलेली होती. मेहनतीने होणारा उष्माघात आणखी फसवा असतो. ‘घाम थांबला, कातडी कोरडी पडली की उष्माघात’ ही समजूत इथे घात करते, कारण मेहनत करणारा माणूस घामाने निथळत असतानाही उष्माघाताने कोसळू शकतो. खरी खूण मेंदू देतो. सायकल सरळ जात नाही, बोलणं असंबद्ध होतं, विनाकारण चिडचिड होते, ‘कुठे आहोत’ याचं उत्तर नीट येत नाही. शरीराच्या आतलं तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. अशा वेळी ‘थोडं बस, बरं वाटेल’ म्हणून चालत नाही.

१०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता तिथेच अंग थंड करायला लागायचं. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे किंवा काढायचे, मिळेल तेवढं थंड पाणी अंगभर ओतत राहायचं आणि पुठ्ठ्याने, रुमालाने, मिळेल त्याने वारा घालायचा. दमट हवेत नुसतं पाणी शिंपडून भागत नाही, वारा हवाच. बर्फ मिळाला तर मान, काख आणि जांघेत ठेवायचा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. हा ताप जंतूंमुळे आलेला नसतो आणि गोळी ज्या वाटेने ताप उतरवते ती वाट इथे लागूच पडत नाही. थंड करण्यात गेलेली पहिली वीस-तीस मिनिटं रुग्णालयातल्या पुढच्या उपचारांइतकीच मोलाची असतात.

पाण्याबाबत दोन्ही टोकं वाईट. घामाच्या प्रत्येक लिटरबरोबर साधारण दोन-तीन ग्रॅम मीठ जातं. तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ही तहान समजून आणखी पाणी पितो. निघताना आणि परतल्यावर वजन करून पाहावं. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर पाणी कमी पडलं. वजन वाढलेलं दिसलं तर गरजेपेक्षा जास्त प्यायलं गेलं. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखर घातलेलं लिंबू किंवा कोकम सरबत, नाहीतर एका लिटरला एक पाकीट या प्रमाणात ओआरएस, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी साखर-मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

गोळ्यांचंही विचारावं. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात. बीटा ब्लॉकर हृदयाचे ठोके रोखून धरतात, त्यामुळे घड्याळावरची नाडी कमी दिसते आणि गाफील राहायला होतं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. कोणतीही गोळी मनाने बंद करू नये, पण घाट चढायचा बेत डॉक्टरांच्या कानावर घालावा. अंगात कणकण असेल, जुलाब होऊन गेले असतील किंवा आदल्या रात्री दारू झाली असेल तर त्या दिवशी घाट नको.

सरावाचा मात्र खरोखर उपयोग होतो. दहा ते चौदा दिवस रोज तासभर उकाड्यात बेताने व्यायाम केला की शरीर शिकतं. घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. आठवड्यातून एकदाच केलेल्या सरावाने हे पुरेसं साधत नाही. वेळ पहाटेची घ्यावी. पहाटे आर्द्रतेचा आकडा जास्त दिसतो हे खरं, पण हवा त्वचेपेक्षा बरीच थंड असते आणि डोक्यावर ऊन नसतं. पेणहून पाच वाजता दिवे लावून निघालेला साडेसहा-सातला खोपोलीत असतो. रोह्याहून पालीमार्गे येणाऱ्याला साठ-पासष्ट किलोमीटर तोडून यावं लागतं, त्यामुळे घाटाच्या पायथ्याशी त्याचे नऊ वाजतात. त्याने आदल्या दिवशी खोपोलीत मुक्काम करावा, नाहीतर बेत डिसेंबर-जानेवारीवर ढकलावा.

चढताना गिअर सुरुवातीलाच हलका घ्यावा. पाय मिनिटाला सत्तरेक फेरे मारतील आणि सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल, इतपतच जोर लावायचा. वाक्य तुटायला लागलं की उतरायचं. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडीवाले नाणं टाकायला वेग कमी करतातच, तिथे सावलीत दहा मिनिटं थांबून अंगावर पाणी ओतलं तर पुढची वळणं सुसह्य होतात. ताम्हिणीत झाडी जास्त आहे, पण दुकानं मोजकी आणि मोबाइलची रेंज मध्येच जाते. तिथे एकट्याने जाऊ नये, आणि पाणी विळ्यालाच भरून घ्यावं.