जिज्ञासा आणि विद्यार्थ्यांचे अध्ययन

बालक शाळेत प्रथम पाऊल टाकते ते असंख्य प्रश्न बरोबर घेऊनच. या प्रश्नांचे पुढे काय होते, हा शिक्षणविषयक संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय ठरला आहे.

बार्बरा टिझार्ड व मार्टिन ह्यूझ या ब्रिटिश अभ्यासकांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात आजही उद्‌धृत केला जातो. चार वर्षांच्या ३० मुलींचे घरातील व शिशुशाळेतील संभाषण त्यांनी ध्वनिमुद्रित केले. घरी आईला या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारीत. शाळेत शिक्षिकेला अवघे दोन.  सुशिक्षित असोत वा श्रमिक, दोन्ही प्रकारच्या कुटुंबांतील मुलींच्या बाबतीत घर आणि शाळा यांत हे अंतर दिसून आले.

जिज्ञासा निर्माण कशी होते? जॉर्ज लोवेन्स्टीन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, आपणांस ठाऊक असलेले आणि ठाऊक व्हावेसे वाटणारे यांतील उणीव जाणवली की मन अस्वस्थ होते. म्हणजेच ज्या विषयाचा गंधही नाही, त्याविषयी कुतूहलही उत्पन्न होत नाही. पाठाच्या आरंभी थोडी माहिती देऊन नेमक्या जागी थांबणारा शिक्षक हेच साधतो. आपल्याकडील कीर्तनकारांना ही युक्ती केव्हापासून अवगत आहे!

मात्र सांगण्यालाही मर्यादा आहे. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान मुलांपुढे अनेक करामती असलेले एक नवे खेळणे ठेवण्यात आले. ज्यांना त्यातील एक करामत शिकवून दाखविली, ती मुले तेवढ्यातच रमली. ज्यांना काहीच शिकविले नव्हते, त्यांनी इतर करामती अधिक शोधून काढल्या. शिकविणे बंद करावे असा याचा अर्थ खचितच नव्हे.

स्मरणशक्तीवरील परिणामही लक्षणीय आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांना २०१४ मध्ये असे आढळले की, ज्या प्रश्नांविषयी उत्सुकता अधिक, त्यांची उत्तरे अधिक लक्षात राहिली. इतकेच नव्हे, तर उत्तराची वाट पाहताना दाखविलेले अनोळखी चेहरेदेखील अधिक स्मरणात राहिले.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ६,२०० अमेरिकन बालकांच्या पाहणीत जिज्ञासू मुलांची वाचन व गणितातील प्रगती अधिक दिसली, आणि हा संबंध गरीब घरांतील मुलांच्या बाबतीत विशेष दृढ होता. अर्थात हा केवळ सहसंबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तथापि ज्या मुलांच्या घरी पुस्तके नाहीत, त्यांचे प्रश्न वर्गात दडपले गेल्यास होणारी हानी इतरांहून मोठी असण्याचा संभव यातून सूचित होतो.

भरलेला वर्ग व वेळेत संपवावयाचा अभ्यासक्रम ही शिक्षकांची अडचण खरी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक विषयातील आशय मूलभूत गाभ्यापुरता कमी करण्याची शिफारस केली आहे, ती पृच्छा व शोध यांवर आधारित अध्ययनास अवकाश मिळावा म्हणूनच.