भूल उतरते, गॅस राहतो

ऑपरेशनच्या टेबलावर डेस्फ्लुरेनची वाफ सुरू असेपर्यंत रुग्ण झोपेत राहतो, आणि ती थांबवली की चटकन जागाही होतो. मधल्या काळात त्या वाफेचं शरीरात काय होतं? जवळजवळ काहीच नाही. फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मेंदूत, आणि आली त्या वाटेने परत. हजार रेणू आत गेले तर एखादाच मोडला तर मोडतो. बाकीचे उच्छ्वासाबरोबर जसेच्या तसे बाहेर! थिएटरमधल्या डॉक्टर-नर्सनाच त्यांची गुंगी येऊ नये म्हणून हा उच्छ्वास नळीने ओढून इमारतीबाहेर सोडतात. तिथून पुढे सुमारे 14 वर्षं ही वाफ हवेत फिरत राहते.

ती एवढी चिवट का? कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातल्या बंधामुळे. सेंद्रिय रसायनांमधल्या सर्वांत मजबूत बंधांपैकी हा एक. यकृताला तो तोडता येत नाही, म्हणून शरीरात विषारी तुकडे फारसे तयार होत नाहीत. भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने हा मोठा गुण. पण पृथ्वीची उष्णता ज्या अवरक्त लहरींच्या रूपाने अवकाशात निसटते, नेमक्या त्यातल्याच काही लहरी हा बंध शोषून घेतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो डेस्फ्लुरेन सुमारे अडीच हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतं. याची एक बाटली वापरणं म्हणजे 440 किलो कोळसा जाळणं!

ही तुलना इंग्लंडच्या नॅशनल हेल्थ सर्व्हिसची, म्हणजे ‘एनएचएस’ची. 1948 साली सुरू झालेली ही सरकारी आरोग्यसेवा. ऑक्टोबर 2020मध्ये तिने जाहीर केलं, की स्वतःच्या ताब्यातलं उत्सर्जन 2040पर्यंत आणि पुरवठादारांसकट सगळं 2045पर्यंत निव्वळ शून्यावर आणू. असा शब्द देणारी ही जगातली पहिली राष्ट्रीय आरोग्यसेवा. 2022च्या कायद्याने ती जबाबदारी तिच्यावर रीतसर बांधली. सरकारी संकल्पपत्रं वाचायला मला एरवी जीवावर येतं. एनएचएसच्या उत्सर्जनाच्या हिशेबात मात्र वाफा, फवारे आणि गळक्या नळ्या निघाल्या, आणि मी वाचत राहिलो.

डेस्फ्लुरेनचा निकाल त्या मानाने लवकर लागला. स्कॉटलंडने 2023मध्ये त्याचा वापर थांबवला, इंग्लंडने 2024मध्ये अपवाद वगळता तेच केलं. सेवोफ्लुरेन हा बऱ्याच सौम्य परिणामाचा पर्याय हाताशी होताच. नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या दुसऱ्या वायूची गोष्ट जास्त चक्रावणारी. हा वायू शतकाहून अधिक काळ हवेत टिकतो. अनेक जुन्या रुग्णालयांत तो तळघरातल्या सिलिंडरांपासून भिंतीतल्या नळ्यांतून थिएटरपर्यंत येतो. स्कॉटलंडमध्ये कुणीतरी खरेदी आणि प्रत्यक्ष वापर यांचा ताळा घातला, तेव्हा कळलं की बहुतांश वायू रुग्णापर्यंत पोचतच नव्हता. वाटेतच गळत होता. उपायासाठी नवा शोध लागत नाही. नळ्या बंद करायच्या आणि लहान सिलिंडर थेट रुग्णाजवळ ठेवायचा, एवढंच.

मग दम्याचा पंप. त्यातलं औषध निरुपद्रवी. ते ढकलणारा वायू हवामानाला जड जातो. पूर्वी पंपात ओझोनचा थर विरवणारे सीएफसी वायू असत. 1987च्या माँट्रियल करारानंतर त्यांच्या जागी दुसरे वायू आणले. ओझोन वाचला, पण हे नवे वायूही कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवणारे निघाले. एनएचएसच्या एकूण उत्सर्जनात पंपांचा वाटा सुमारे 3 टक्के. कोरड्या पावडरचे इनहेलर हा त्रास जवळजवळ टाळतात, पण ते जोराने ओढावे लागतात. लहान मुलं आणि दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते नेहमी जमत नाही.

एवढं कौतुक केल्यावर खरी अडचणही सांगायला हवी. 2020च्या हिशेबानुसार एकूण उत्सर्जनातलं 62 टक्के पुरवठा साखळीतलं: औषधं, उपकरणं, हातमोजे, जेवण. गळकी नळी रुग्णालय स्वतः बंद करू शकतं. दूर देशातल्या औषध कारखान्याचा बॉयलर त्याच्या हातात नाही. ब्रिटनमध्ये भारतीय बनावटीची जेनेरिक औषधं मोठ्या प्रमाणावर जातात. एनएचएस आता पुरवठादारांकडून कार्बन कमी करण्याचा आराखडा मागते, तेव्हा तो प्रश्न आपल्याकडच्या औषध कंपन्यांपर्यंतही येतो. माझ्या मते 2040चा टप्पा अवघड असला तरी आवाक्यातला आहे. 2045चा मात्र इतरांच्या भरवशावर आहे.

आणि दम्याच्या रुग्णांना एक विनंती. हे वाचून आपला पंप बंद करू नका, परस्पर बदलूही नका. पावडरचा चालेल का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांनाच विचारा.