विरळणीची भाजी

आमच्या परभणीकडे करडईची भाजी ही विरळणीची देणगी. तिफणीच्या ओळी ४५ सेंटिमीटरवर, दोन रोपांत २० सेंटिमीटर. उपटलेली कोवळी रोपे थेट कढईत. (उशीर केला तर काटे टोचतात!) १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी कुसुम’ वाण नावाजले ते दाण्यासाठी, तेलासाठी. पानाचे काय? पालेभाज्यांत लोह, ऑक्झलेट जातीनुसार बदलते. दाटीत, एकमेकांच्या सावलीत वाढलेल्या पानात क जीवनसत्त्व कमी भरते. उन्हाअभावी नायट्रेट न वापरता साठून राहते. म्हणून विरळणी लांबवू नये, असे मला वाटते. रक्तक्षयाने थकलेल्या लेकीबाळींना हीच भाजी परवडते. बाजारात भाव जुडीचा. तिच्यातल्या लोहाची चौकशी कोण करणार? वाणाच्या माहितीपत्रकात पानाचाही कस छापायला काय हरकत आहे?