नागपूर विमानतळ

नागपूर विमानतळ : महाराष्ट्रातील एक आंतरराष्ट्रीय विमानतळ व विदर्भाचे प्रमुख हवाई प्रवेशद्वार. अधिकृत नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. तो नागपूर शहराच्या नैर्ऋत्येस सोनेगाव येथे, वर्धा मार्गालगत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मी. उंचीवर वसला आहे. धावपट्टीची लांबी सु. ३,२०० मी.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७-१८ मध्ये, ब्रिटिश लष्करी विमानांसाठी येथे तळ तयार करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने वाटेतील थांब्याचे ठिकाण म्हणून त्याचा वापर केला. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र या तळाचे खरे महत्त्व प्रत्ययास आले, ते त्याच्या मध्यवर्ती स्थानामुळे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास (सध्याची कोलकाता व चेन्नई) ही चारही महानगरे नागपूरपासून सरळ रेषेत सु. ६८० ते ९८० किमी. अंतरावर आहेत. डकोटासारख्या दोन एंजिनांच्या विमानाला हे अंतर तीन-चार तासांत तोडता येई.

रात्र-टपाल सेवा : या स्थानाचा लाभ घेऊन जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. चार महानगरांतून प्रत्येकी एक विमान रात्री निघे व मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला पोहोचे. तेथे टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान इतर तीन शहरांचे टपाल घेऊन पहाटेपर्यंत आपल्या मूळ ठिकाणी परते. अशा रीतीने केवळ चार विमानांत चारही शहरे परस्परांशी जोडली जात. प्रत्येक दोन शहरांमध्ये थेट सेवा ठेवावयाची, तर सहा मार्ग चालवावे लागले असते. सायंकाळी मद्रासला टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत मिळू लागले. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने पाठविण्याची योजना अंमलात आली, त्यामुळे या सेवेचा लाभ सामान्य माणसापर्यंत पोहोचला. प्रारंभी ही सेवा खाजगी कंपन्यांकडे होती. १ ऑगस्ट १९५३ पासून राष्ट्रीयीकरणानंतर ती इंडियन एअरलाइन्सकडे आली.

रात्रीचे उड्डाण त्या काळी जोखमीचे होते. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून मद्रासकडे निघालेले डकोटा विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कामगार पुढारी व लोकसभा सदस्य हरिहरनाथ शास्त्री यांचा समावेश होता. सेवा मात्र चालूच राहिली. पुढे विमानांचा वेग व पल्ला वाढल्याने महानगरे थेट जोडता येऊ लागली व मधल्या थांब्याची निकड कमी झाली. ऑक्टोबर १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली.

आधुनिक विकास : २००५ मध्ये विमानतळाला डॉ. आंबेडकर यांचे नाव देण्यात आले. त्यांनी १९५६ मध्ये नागपूर येथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. नव्या प्रवासी इमारतीचे उद्‌घाटन १४ एप्रिल २००८ रोजी झाले. मध्यवर्ती स्थानाचाच विचार करून मालवाहतूक व उद्योग यांसाठी ‘मिहान’ प्रकल्प विमानतळालगत आखण्यात आला. २००९ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी (५१ टक्के) व भारतीय विमानतळ प्राधिकरण (४९ टक्के) यांची संयुक्त कंपनी विमानतळाच्या व्यवस्थापनासाठी स्थापन झाली. २०१५ मध्ये मिहान क्षेत्रात मोठ्या विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्र कार्यान्वित झाले.

वर्धा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. त्यामुळे वर्धा, सेवाग्राम, तसेच आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) यांसारख्या गावांतील प्रवाशांना नागपूरचाच विमानतळ सोयीचा पडतो. एकेकाळी मुख्यतः महानगरांच्या टपालाची देवघेव करणारे हे ठिकाण आता आसपासच्या ग्रामीण प्रदेशालाही दूरच्या प्रवासाचे द्वार ठरले आहे.